आधी विचारा, कोणती गोळी चालू आहे?



वार्तापत्राच्या या पानावर आम्ही बहुधा निकाल, गणेशोत्सव, स्नेहसंमेलन किंवा मराठी वाचनाची रड याविषयी लिहितो. या वेळी विषय वेगळा आहे, औषधाच्या गोळीचा. मुख्याध्यापकाने औषधावर का लिहावे, असे कोणी म्हणेल. लिहायचे कारण म्हणजे आमच्या हातून झालेली एक चूक, आणि ती झाकून ठेवण्यापेक्षा सांगणे बरे असे आम्हाला वाटते.

मागे एका छमाही परीक्षेची गोष्ट. वर्ग आणि वर्ष मुद्दामच सांगत नाही, मुलाची ओळख पटू नये म्हणून. अभ्यासात बरा, स्वभावाने शांत असा हा मुलगा. परीक्षेच्या तिसऱ्या दिवशी त्याने कोरी उत्तरपत्रिका दिली. मध्येच दोनदा उठून दारापर्यंत गेला. पर्यवेक्षक बाईंनी बसायला सांगितले, तर म्हणाला, तुम्ही सगळे माझ्याबद्दल कुजबुजता. बाई त्याला आमच्याकडे घेऊन आल्या. आम्ही आई-वडिलांना बोलावून घेतले आणि चांगले अर्धा तास सुनावले. मोबाइल, रात्रीची जागरणे, घरातली ढिलाई, काही शिल्लक ठेवले नाही. आई मध्येच म्हणाली, सर, दोन रात्री तो झोपलेला नाही. आम्ही म्हणालो, मोबाइल काढून घ्या, झोपेल.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, याला कोणती गोळी चालू आहे? तेव्हा उलगडा झाला. चार दिवसांपूर्वी पोट बिघडले होते, परीक्षा तोंडावर, म्हणून वडिलांनी मेडिकलवाल्या भैयांकडून जुलाबाची गोळी आणली होती. ती ऑफ्लॉक्सासिन होती. डॉक्टरांनी ती बंद केली. मुलगा थोड्याच दिवसांत पूर्ववत झाला, राहिलेले पेपर त्याने नंतर दिले. गोळीमुळेच झाले का? डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितले की, गोळी असेल, जुलाबाची अशक्तता असेल, परीक्षेची धास्ती असेल, एका मुलावरून सिद्ध करता येत नाही. ते आम्हालाही मान्य आहे. पण आम्ही तो प्रश्न विचारलाच नव्हता, हेही तितकेच खरे. त्या मुलाची आम्ही नंतर क्षमा मागितली.

आम्ही रसायनशास्त्राचे पदवीधर, तेही हिंदी माध्यमाचे. त्यामुळे शास्त्राचे मराठी शब्द आम्हाला चाचपडत शोधावे लागतात. इन्फेक्शनला हिंदीत संक्रमण म्हणतात, मराठी घरात संक्रमण म्हटले की तिळगूळच आठवतो, म्हणून येथे संसर्ग म्हणतो. अँटिबायोटिकला प्रतिजैविक हा शब्द आहे, पण घरोघरी अँटिबायोटिकच म्हणतात, आम्हीही तेच म्हणू. त्या प्रसंगानंतर आम्ही या विषयावर मिळेल ते वाचले. कारण मध्यंतरी पालकांच्या मोबाइलवर ‘अँटिबायोटिकने वेड लागते’ अशा छापाचा मजकूर फिरत होता आणि दोन-तीन पालकांनी घाबरून आम्हाला विचारलेही होते. त्या मजकुरात तथ्य किती आणि तिखटमीठ किती, हे सांगण्याचा हा प्रयत्न.

आपल्या घरातल्या औषधांच्या डब्यात पाहा. सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन यांपैकी एकाची अर्धी पट्टी बहुतेक सापडेल. कंपनीचे नाव काहीही असो, पट्टीवर बारीक अक्षरात खरे नाव असते आणि त्याच्या शेवटी ‘फ्लॉक्सासिन’ हे शेपूट असते. हे सगळे एका कुळातले. या कुळाचा मूळपुरुष म्हणजे नॅलिडिक्सिक आम्ल. मलेरियावरचे क्लोरोक्विन तयार करताना निघालेल्या एका उप-पदार्थातून अमेरिकेत जॉर्ज लेशर यांना तो गवसला, १९६२ साली. पुढे त्यात फ्लोरिनचा अणू जोडून अधिक प्रभावी औषधे निघाली. १९८७ साली सिप्रोफ्लॉक्सासिनला अमेरिकेत मान्यता मिळाली. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टायफॉइडवर, म्हणजे आमच्या आजीच्या भाषेत मोतीझऱ्यावर, हे औषध म्हणजे वरदान वाटले होते आणि त्या काळी ते तसे होतेही. जंतूला आपल्या डीएनएचे पीळ सोडवण्यासाठी काही विकरे लागतात. हे औषध त्या विकरांनाच अडकवून ठेवते आणि जंतू मरतो.

मग मनाचा संबंध कुठे आला? आपल्या मेंदूत गाबा नावाचे एक द्रव्य असते. सायकलच्या ब्रेकसारखे त्याचे काम. मेंदूतल्या पेशी वाजवीपेक्षा जास्त उत्तेजित होऊ नयेत म्हणून ते त्यांना आवरून धरते. गाबा ज्या जागी जाऊन बसते, त्याच जागी ही औषधे अडथळा आणतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. ब्रेक सैल झाला की सायकल उतारावर कशी धावते, हे आमच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. झोप उडते, जीव कासावीस होतो, क्वचित आकडीही येते. काही वेदनाशामक गोळ्या सोबत घेतल्या तर हा परिणाम वाढतो असेही आढळले आहे. आपल्याकडे ताप आणि अंगदुखी म्हटली की दोन्ही गोळ्या एकाच पुडीत मिळतात.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या कुळाबद्दल एकामागून एक इशारे दिले. २००८ मध्ये टाचेमागची जाड कंडरा तुटण्याचा धोका औषधाच्या पत्रकावर चौकटीत छापायला लावला. २०१३ मध्ये हातापायांच्या नसांना होणाऱ्या इजेचा इशारा आला. २०१६ मध्ये सांगितले की सायनसचा त्रास, श्वासनलिकेचा दाह, लघवीचा साधा संसर्ग एवढ्यासाठी, दुसरा पर्याय असेल तर, हे औषध देऊ नये. आणि १० जुलै २०१८ रोजी मनाच्या दुष्परिणामांना पत्रकात वेगळे आणि ठळक स्थान द्यायला लावले. ते पूर्वीही पत्रकात होते, पण प्रत्येक औषधाच्या पत्रकात वेगवेगळे आणि इतर यादीत हरवलेले. आता सगळ्या कुळाला तीच सहा लक्षणे लिहावी लागतात. लक्ष न लागणे, आपण कुठे आहोत आणि वार कोणता याचे भान सुटणे, अस्वस्थपणे येरझारा घालणे, घाबरेपणा, विसर पडणे, आणि भ्रमात बरळणे. ही यादी प्रथम वाचली तेव्हा आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ नुसते बसलो. यांतली निम्मी लक्षणे आमच्यासमोर उभी होती आणि आम्ही त्यांना शिस्तीचा प्रश्न समजलो होतो.

त्याच वर्षी युरोपीय औषध संस्थेनेही या औषधांच्या वापरावर मर्यादा घातल्या. ब्रिटनच्या औषध नियंत्रक संस्थेने सप्टेंबर २०२३ मध्ये डॉक्टरांना आठवण करून दिली की या औषधांनी क्वचित आत्मघाताचे विचार येऊ शकतात, आणि जानेवारी २०२४ मध्ये, इतर नेहमीची अँटिबायोटिके योग्य नसतील तेव्हाच ही द्यावीत, असा दंडक घातला.

आता दुसरी बाजू, कारण येथेच मोबाइलवरचा मजकूर घसरतो. २०१५ साली ब्रिटनमधल्या रुग्णनोंदींवर एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. नैराश्याचे दोन लाखांहून अधिक रुग्ण आणि त्यांच्याशी तुलना करायला लाखो निरोगी माणसे. ज्यांना पूर्वी एकदा पेनिसिलिन जातीचे अँटिबायोटिक दिले गेले होते, त्यांच्यात नैराश्याची शक्यता सुमारे २३ टक्क्यांनी जास्त आढळली. पाचाहून जास्त वेळा दिलेल्यांत ५६ टक्क्यांनी. आकडा मोठा वाटतो. पण २३ टक्के म्हणजे शंभरातली २३ माणसे नव्हेत. समजा हजारात दहा जणांना नैराश्य येत असेल, तर ते सुमारे बारा होतील, एवढाच त्याचा अर्थ. आणि त्याच अभ्यासात, ज्याला लोक वेड म्हणतात तशा तीव्र मनोविकाराचा धोका कोणत्याही अँटिबायोटिकने वाढलेला दिसला नाही. हे वाक्य मोबाइलवर फिरत नाही.

पुढचा अभ्यास डेन्मार्कचा. १९९५ ते २०१२ या काळात जन्मलेल्या सुमारे ११ लाख मुलांच्या नोंदी तपासून २०१८ च्या अखेरीस तो प्रसिद्ध झाला. संसर्गामुळे रुग्णालयात राहावे लागलेल्या मुलांना पुढे मनोविकाराचे निदान होण्याचा धोका ८४ टक्क्यांनी जास्त, आणि संसर्गावर औषध घ्यावे लागलेल्यांना ४० टक्क्यांनी जास्त. धोका संसर्गानंतरच्या लगतच्या काळात सर्वाधिक. पण यात दोषी कोण? औषध, की ज्यासाठी औषध दिले तो आजार? छत्र्या दिसल्या म्हणजे पाऊस छत्र्यांनी आणला असे होत नाही. टायफॉइड हा शब्दच मुळी धूर किंवा धुके अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला, कारण त्या तापात माणसाच्या मनावर धुके येते, तो बरळतो. त्या काळी अँटिबायोटिक नव्हतेच. तेव्हा आकड्यांतून एवढेच कळते की संसर्ग, त्यावरचे औषध आणि मन यांचे काही नाते आहे. नेमके कोण कोणाला ओढते आहे, ते अशा नोंदींवरून पक्के ठरत नाही. फ्लॉक्सासिन कुळाची गोष्ट मात्र निराळी. तेथे औषध सुरू केल्यावर लगेच, कधी पहिल्याच गोळीनंतर लक्षणे दिसल्याच्या नोंदी आहेत आणि मेंदूत काय घडत असावे याचे स्पष्टीकरणही आहे.

तरीही हे क्वचित घडते, हे विसरू नये. अँटिबायोटिक घेतल्यावर उन्मादाचा झटका आलेल्यांच्या जगभरच्या नोंदी २००२ साली काही डॉक्टरांनी गोळा केल्या. जागतिक आरोग्य संघटनेकडे तोवर अशा ८२ घटना नोंदलेल्या होत्या. त्यांत क्लॅरिथ्रोमायसिनच्या २३, सिप्रोफ्लॉक्सासिनच्या १२ आणि ऑफ्लॉक्सासिनच्या १०. नोंद न झालेल्या कितीतरी असणार, पण हे औषध घेणाऱ्या कोट्यवधी लोकांपुढे ही संख्या लहानच.

विद्यार्थ्यांना आवडेल अशी एक गोष्ट येथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. जंतूंवरचे औषध मनाला शिवते, आणि ते नेहमी वाईटच असते असे नाही. १९५२ साली न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना आयसोनियाझिड आणि आयप्रोनियाझिड ही नवी औषधे देऊन पाहिली. अंथरुणाला खिळलेले, निराश रुग्ण हसू-बोलू लागले, जेवू लागले. क्षयावर शोधलेले आयप्रोनियाझिड पुढे नैराश्यावरच्या सुरुवातीच्या औषधांपैकी एक ठरले. यकृताला अपाय होतो म्हणून ते नंतर मागे पडले, पण नैराश्यालाही औषध असू शकते हा विश्वास डॉक्टरांना त्यातून मिळाला. क्षयावरच्याच सायक्लोसेरिनने उलट काही रुग्णांची मने बिघडली, हेही त्याच दशकात कळले.

आता थोडे कडू बोलतो. आपल्या समाजात डॉक्टरपेक्षा मेडिकलवाल्या भैयांवर श्रद्धा जास्त आहे. ‘भैया, पोट खराब है, वो पिछली बार वाली दे दो’ एवढ्यावर अँटिबायोटिक हातात पडते. डॉक्टरांचे शंभर-दोनशे रुपये आणि रांगेतला तास वाचतो. काही घरांची खरोखर अडचण असते, ती आम्ही समजतो. पण गाडीतून मुलाला सोडायला येणारे पालकही हेच करतात, तेव्हा तो पैशाचा प्रश्न राहत नाही. या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, असा कायदा आहे. लेव्होफ्लॉक्सासिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन तर १ मार्च २०१४ पासून एच-१ या कडक अनुसूचीत आहेत. विकताना डॉक्टरचे, रुग्णाचे नाव वहीत लिहावे लागते आणि वही तीन वर्षे जपावी लागते. पट्टीवरच्या लाल रेघेचा अर्थ केंद्र सरकारने २०१६ साली मोहीम काढून सांगितला. रेघ आहे, वही आहे, आणि भैयाही ओळखीचा आहे.

आपल्या प्रदेशात २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाड्याकडे खोकल्याच्या विषारी औषधाने कोवळी मुले गेली. ती भेसळीची गोष्ट होती, तिचा या विषयाशी थेट संबंध नाही. पण त्यानंतर काही दिवस प्रत्येक आई बाटलीवरची अक्षरे वाचू लागली होती, हे आम्ही पाहिले. गोळ्यांच्या पट्टीवरची अक्षरे मात्र अजूनही कोणी वाचत नाही. मुलांचे जुलाब बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतात, त्यांवर अँटिबायोटिकचा काही उपयोग नसतो. मीठ-साखरेचे पाणी, ओआरएस आणि झिंक यांनी काम होते. आणि टायफॉइडचे जंतू तर आता आपल्या देशात फ्लॉक्सासिन कुळाला फारशी दाद देत नाहीत. म्हणजे ओळखीने आणलेल्या गोळीने आजार जाईलच असे नाही, त्रास मात्र होऊ शकतो. वाढत्या वयाच्या प्राण्यांच्या सांध्यांतील कूर्चेला या औषधांनी इजा झालेली दिसली, म्हणून मुलांना ती देताना डॉक्टरही दहादा विचार करतात. आपण एकदाही करत नाही.

पण हा लेख वाचून कोणी घरी जाऊन चालू औषध फेकून देईल, तर ती आमची दुसरी चूक ठरेल. डॉक्टरांनी पाहून, तपासून दिलेले अँटिबायोटिक जीव वाचवते. साध्या औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर लेव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन याच गोळ्या आजही लढतात. आपल्या ओळखीत कोणी त्या घेत असेल, तर त्याला या लेखाची भीती घालू नका. म्हणणे एवढेच की औषध सुरू असताना माणूस अचानक बदललेला दिसला, झोप गेली, संशय आला, भान सुटले, तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा आणि काय दिसले ते सांगा. कोणाला पूर्वी मनाचा आजार किंवा आकडी येऊन गेली असेल, तर चिठ्ठी लिहिली जात असतानाच ते सांगा. आपल्याकडे ते लपवण्याची रीत आहे, आणि ती येथे महागात पडते.

हे आजी-आजोबांनाही लागू आहे, किंबहुना जास्त लागू आहे. वयस्कर माणसांत या औषधांनी भ्रम होण्याचा संभव अधिक. मधुमेहाची गोळी चालू असेल तर रक्तातली साखर एकदम उतरू शकते, त्यानेही माणूस गोंधळतो. आजोबा दोन दिवसांत नातवाला ओळखेनासे झाले, रात्री उठून दार शोधू लागले, की घरातले म्हणतात, म्हातारचळ लागला. म्हातारचळ दोन दिवसांत लागत नाही. लघवीच्या संसर्गावर चालू असलेली गोळी पाहा, आणि संसर्गच अंगात भिनला आहे का तेही डॉक्टरांकडून पाहून घ्या.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एकच सांगतो. आजारपणात किंवा गोळ्या चालू असताना मन विचित्र वाटू लागले, भीती वाटली, नको ते विचार आले, तर ते तुमचे पाप नाही आणि तुमचा कमकुवतपणाही नाही. आईला सांगा, बाईंना सांगा, आमच्या खोलीचे दार उघडे असते. आम्ही आता अर्धा तास सुनावणार नाही.

विश्वस्त मंडळापुढे आम्ही दोन गोष्टी मांडल्या आहेत. पहिली, आठवड्यातून निदान दोन दिवस प्रशिक्षित परिचारिका शाळेत असावी. खर्चाचा प्रश्न निघाला, आणि तो रास्त आहे. पण गेल्या संमेलनाच्या मंडपाचे बिल आम्हीच मंजूर केले होते, एवढे नम्रपणे सुचवतो. दुसरी, शिक्षकांसाठी एखाद्या मनोविकारतज्ज्ञाचे व्याख्यान व्हावे, कारण वर्गात बदललेले मूल सर्वांत आधी त्यांनाच दिसते.

आमच्या अधिकारात जे होते ते आम्ही केले आहे. कार्यालयातली प्रथमोपचाराची पेटी उघडली, तर आयोडीन आणि पट्ट्यांच्या खाली सिप्रोफ्लॉक्सासिनच्या सहा गोळ्या निघाल्या, मुदत संपलेल्या. कोणी ठेवल्या, कोणाला दिल्या, कोणालाच आठवत नाही. त्या काढून टाकल्या. यापुढे पालकांनी फोनवर सांगितले तरी शाळेत कोणालाही अँटिबायोटिक दिले जाणार नाही. चिठ्ठी असेल तर तिची प्रत आणि मोजून गोळ्या वर्गशिक्षकांकडे द्याव्यात. रजेच्या अर्जात ‘आजाराचे कारण’ या ओळीखाली आता आणखी एक ओळ आहे, ‘चालू असलेली औषधे’. तेथे पट्टीवरचे खरे नाव पाहून लिहावे, ‘तापाची गोळी’ असे लिहू नये. नवे अर्ज कार्यालयात ठेवले आहेत, जुने अर्ज या महिनाअखेरपर्यंतच घेतले जातील.